कुंकवाची मुदत

दसऱ्याला सोने लुटायचे, शिलंगण करायचे आणि फौजेने घराबाहेर पडायचे, ही आपल्याकडची जुनी चाल. शिवाजीमहाराजांच्या लष्कराची जी शिस्त सभासदाच्या बखरीत वर्णिली आहे, तीत पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्यापासून पुढे आठ महिने मुलूखगिरी, असा वर्षाचा हिशेब मांडलेला आहे. बायकामाणसे लष्करात असू नयेत, असाही सक्त दंडक होता. हे सारे आपण शाळेत शिकतो आणि पुढे मुलांना शिकवतो. परंतु या हिशेबाची दुसरी बाजू सहसा कोणी बोलून दाखवत नाही. दसऱ्यानंतर वीस दिवसांनी दिवाळी येते. म्हणजे ज्या घरातला पुरुष फौजेत, त्या घरातला पाडवा दरसाल नवऱ्यावाचून! भाऊबीजेला भाऊ परगावी असला तर बहीण चंद्राला ओवाळते; शास्त्राने नाही तरी रूढीने तेवढी सोय करून ठेवली आहे. पाडव्याला मात्र तशी सोय नाही. आकाशात कोणाला ओवाळावे? अमावास्या नुकतीच उलटलेली, चंद्राची कोरही धड दिसत नसते.

तरी त्या ताटातुटीला एक मुदत होती, आणि ही मुदतच तिचा आधार होती. मृगाच्या आधी फौज परतणार, हे घरातल्या सासूला ठाऊक होते, धाकट्या जावेला ठाऊक होते, शेजारणीलाही ठाऊक होते. घरोघरी तीच अवस्था असल्यामुळे कोणी कोणाचे वेगळे सांत्वन करावे, असा प्रश्नच नव्हता. पेरणी, कापणी, राखण, दुखणीबाणी, बाळंतपणे ही कामे मागे राहिलेल्या बायकांनी आपसांत वाटून घेतली आणि दिवस मोजले. सोबत म्हणजे आणखी वेगळे काय असते? आपले दिवस मोजणारे दुसरे कोणी तरी असणे.

ही मुदत मोडली ती पानिपतच्या स्वारीत. उदगीरची लढाई आटोपून भाऊसाहेब मार्च १७६० मध्ये परतूडहून उत्तरेकडे निघाले. पावसाळा आला तो फौजेने घरी नव्हे, दिल्लीत काढला. पुढचा दसरा आला, दिवाळी आली, संक्रांत आली. या खेपेस पुष्कळ स्त्रिया फौजेबरोबरच गेल्या होत्या, कारण उत्तरेकडची तीर्थे घडतील ही आशा होती. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई त्यांत होत्या. नाना फडणवीसांची आई आणि पत्नीही होत्या. १४ जानेवारी १७६१ रोजी जे झाले ते कोणाही मराठी माणसाला सांगायला नको. दक्षिणेत बातमी आली ती सावकारी चिठ्ठीतून, मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत. नानासाहेब पेशव्यांना ती भेलशाजवळ वाटेतच मिळाली. सरदारांची नावे अशी संकेताने का होईना कळली. परंतु पागेतला राऊत, बारगीर, तोफेजवळचा गोलंदाज, बाजारबुणगा यांची नावे कोणत्या मोहरेत घालणार? त्यांच्या बायकांना कोणी काही कळवले नाही. जे परत आले त्यांना विचारायचे, आणि जे आले नाहीत त्यांची वाट पाहायची.

पार्वतीबाईंची कथा याच ठिकाणी मोठी होते. निष्ठावंत माणसांनी त्यांना रणातून सुखरूप बाहेर काढून दक्षिणेत आणले. पण भाऊसाहेब पडले हे त्यांनी मान्य केले नाही. त्यांनी कुंकू पुसले नाही, वैधव्याचा कोणताही विधी करू दिला नाही. सर्वसाधारणपणे धर्मशास्त्र बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहायला सांगते. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दहन करावे, आणि तेथून पुढे ती स्त्री विधवा. पार्वतीबाईंची बारा वर्षे १७७३ मध्ये भरली. त्यांनी ती मुदतही मानली नाही, आणि सवाष्णीचा त्यांचा मान पेशव्यांच्या घराण्याने काढून घेतला नाही.

पुढे भाऊसाहेबांचा तोतया निघाला, तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटून कोकणभर गाजला, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. त्या बंडाची राजकीय बाजू इतिहासकारांनी भरपूर लिहिली आहे. मला मात्र नेहमी वाटते की, तोतयाला जे हजारो लोक मिळाले ते काही सगळेच लोभी किंवा भोळे नव्हते. एक भाऊसाहेब परत येऊ शकतात, तर आपलाही माणूस येऊ शकेल, असे वाटणारी घरे त्या वेळी कोकणात आणि देशावर किती असतील! पंधरा वर्षांनंतरही ज्या बाईने आतून आशा सोडली नव्हती, तिला वाड्यातले कुंकू हा वेडेपणा वाटला नसणार. तिला तो आधार वाटला असणार. हा माझा तर्क आहे, पण कादंबरी लिहिणाऱ्याला इतका तर्क करण्याची मुभा असावी.

पेशवाई गेली आणि मराठी माणूस कंपनी सरकारच्या पलटणीत भरती झाला. आता मुलूखगिरीच्या जागी नोकरी आली. पगार, रजा आणि पेन्शन आली. काही शिपायांच्या कुटुंबांना छावणीत राहायला मिळे. या छावण्यांचा एक उपकार विसरता येण्याजोगा नाही. पलटणीत शाळा असत आणि शिपायांच्या मुलांबरोबर मुलींनाही तिथे अक्षरओळख होई. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेचे चौदा वर्षे मुख्याध्यापक होते, आणि त्या घराण्यातल्या स्त्रियांनाही लिहितावाचता येत असे, असे बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. गावातल्या उच्चवर्णीय घरांतल्या बायकांना जे दुर्मिळ, ते महार शिपायांच्या बायकांना छावणीत मिळत होते. पुढे १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरतीच थांबवली. तेव्हा पुरुषांची नोकरी गेली हे सर्वांनी पाहिले. बायकांची शाळा गेली हे क्वचितच कोणी लिहिले.

अक्षराचे एवढे महत्त्व का, ते १९१४ साली कळले. महायुद्ध सुरू झाले आणि सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतून गावेच्या गावे भरती झाली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या एका युद्धात कामी आले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागला तो आजही आहे. या भरतीची एक रीत होती. एका गावचे, एका भावकीचे लोक एकाच कंपनीत जात. मामाच्या ओळखीने भाचा, थोरल्याच्या मागे धाकटा. शिपाई ओळखीच्या माणसांत राहतो म्हणजे पळून जात नाही आणि लढतो बरा, असा सरकारचा हिशेब होता. पण त्याचा परिणाम गावात असा झाला की, रणावरचा एक वाईट दिवस गावातल्या दहा घरांवर एकदम कोसळे.

आणि याच रीतीमुळे एका घरी आलेले पत्र साऱ्या आळीचे होई. १९११ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातल्या दर शंभर स्त्रियांत साक्षर होती ती जेमतेम एक. पत्र वाचायला मास्तर, पोस्टमन, नाही तर तलाठी. आमच्या मास्तरकीच्या धंद्याला गावात जो मान होता तो पाढे आणि कवितांपेक्षा या पत्रवाचनाने अधिक मिळवलेला आहे, असे मला वाटते. पत्रात घरच्यांना नमस्कार झाला की मग अमक्याला रामराम, तमक्याच्या घरी खुशाली, आणि इकडे अमका अमका सुखरूप आहे, अशी नावांची माळ. ही माळ आळीतल्या सगळ्या बायका कान देऊन ऐकणार. ज्या माळेत गेल्या खेपेला एक नाव होते आणि या खेपेला नाही, ते नाव कोणत्या घरचे हे मास्तरला कळायच्या आधी ओट्यावर बसलेल्या बायकांना कळत असणार. त्या घरची बाई एकटी उठून गेली असेल का? मला नाही तसे वाटत.

उत्तर लिहायचे तर आणखी एक अडचण. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही! मग पत्त्यावर कोणाचे नाव घालायचे, ते शेजारणीने सांगायचे, नाही तर कडेवरच्या पोराने. आणि मनातले सांगायचे ते सासऱ्यादेखत, मास्तरसमोर, दहा जणींच्या घोळक्यात. ‘इकडील सर्व क्षेम’ याच्या पलीकडे मजकूर जायचा कसा? जात्यावरच्या ओव्या पाहिल्या तर हेच दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुण्याला राहून खेडोपाडीच्या लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. आपल्या ओवीत भावासाठी, लेकासाठी शब्दांना तोटा नाही. नवऱ्याचा विषय आला की ती आखडती होते. पण जात्यावर दोघी बसतात, हे लक्षात घेतले पाहिजे. समोरचीचाही नवरा त्याच पलटणीत असेल तर भावाच्या ओवीत काय भरले आहे, ते तिला वेगळे सांगावे लागत नव्हते.

फ्रान्सच्या आघाडीवरच्या हिंदी सैनिकांची पत्रे तपासण्यासाठी सरकारने तिथे एक स्वतंत्र कचेरी काढली होती. घरून येणारी पत्रेही तीत उघडली जात. कारकून त्यांतले उतारे इंग्रजीत करून वरिष्ठांकडे पाठवीत. ते उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे गेली. संशयाने केलेली भाषांतरे मात्र राहिली. खेड्यातल्या बाईने दुसऱ्याच्या हातून लिहवलेले बोल तिसऱ्याने उघडले, चौथ्याने परभाषेत केले, आणि इतक्या हातांतून गेल्यामुळेच ते टिकले.

अक्षर येत नसले तरी एक कागद बाईला कळत असे, तो म्हणजे मनीऑर्डर. १८८० सालापासून टपालखात्याने ही सोय केलेली. शिपायाचा पगार महिना ११ रुपये, त्यातून उरेल ते घरी. पोस्टमन आला, साक्षीदारासमोर अंगठा उठवला, पैसे मोजून घेतले, आणि खालच्या कुपनावर दोन ओळी असल्या तर त्या वाचून घेतल्या. कोकणातल्या किती घरांच्या चुली या कागदावर पेटल्या, त्याचा हिशेब मांडायला अर्थशास्त्री हवा. पण मनीऑर्डर येण्यात पैशापेक्षा मोठी गोष्ट होती. ती आली म्हणजे पाठवणारा आहे. एका घरची आली आणि दुसऱ्या घरची आली नाही, तर त्या महिन्यात पहिलीने दुसरीला पायली-अर्धी पायली दाणे उसने द्यायचे, आणि मोजायचे नाही. ही काही कोणी स्थापन केलेली संस्था नव्हती. हिचा अध्यक्ष नव्हता आणि अहवाल छापला जात नव्हता.

मग आले कुत. मेसोपोटेमियात जनरल टाउनशेंडच्या हाताखाली पुणे डिव्हिजन बगदादकडे गेली आणि मागे रेटली जाऊन डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिसच्या काठी कुत-अल-अमारा येथे वेढली गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा चालला. दाणा संपला, घोडे कापण्याची वेळ आली, ते मांस खावे की नाही यावर शिपायांत मोठा धर्मसंकटाचा प्रश्न उभा राहिला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती लागली. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर जुंपले. उपासमार, उन्हाळा आणि तापाने माणसे पटापटा गेली.

इथे ती नावांची माळ तुटली. ज्या गावाने एकाच कंपनीत माणसे दिली होती, त्या गावात एकदम कोणाचेच पत्र येईना. आधी एकीला कळले की तिने दुसरीला सांगायचे; आता सांगणार कोण? आणि गावाचा रिवाज असा की, बाई सवाष्ण तरी असावी, नाही तर विधवा. हळदीकुंकवाला बोलवायची की नाही? वटसावित्रीला ती वडाकडे जाणार की नाही? कुणब्यांत आणि इतर पुष्कळ जातींत विधवेला पाट लावता येई, पण नवरा गेला हे ठरल्याशिवाय तोही रस्ता नाही. शहाण्णव कुळी म्हणवणाऱ्या घरांत तर तो रस्ता मुळातच बंद. मी जितका या गोष्टीचा विचार करते तितके मला वाटते की, मृत्यूच्या बातमीला समाजाकडे विधी होता, पेन्शनचा कागद होता, रडायला दिवस ठरलेले होते. बातमी नसण्याला यांपैकी काहीही नव्हते. ज्या बाईची बातमी आली तिच्याकडे गाव लोटले. ज्या बाईची बातमी आली नाही, तिच्याकडे काय बोलावे हे न कळून लोक हळूहळू जाईनासे झाले असतील. तिच्याकडे जाणारी, बसणारी, न बोलता शेंगा सोलणारी बाई एकच, जिच्या घरची अवस्था तशीच आहे.

१९१८ च्या पावसाने दगा दिला. त्याच साली इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर माणसे गेली. साथीचा जोर ऐन दसरा-दिवाळीच्या सुमारास होता. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले. जे कैदी जगले ते पुढच्या काही महिन्यांत घरी आले, आणि तीन वर्षे ज्या बायकांनी त्यांची वाट पाहिली, त्यांतल्या काही जणी तोवर तापाने गेल्या होत्या. युद्धाच्या स्मारकावर ही नावे नाहीत. ती कोरावीत असे कोणाच्या मनातही आले नसेल.

१९१९ मध्ये सरकारने शिपायांसाठी सोल्जर्स बोर्ड स्थापन केले, त्याचेच पुढे सैनिक बोर्ड झाले. दुसऱ्या महायुद्धात तोब्रुक पडले तेव्हा, जून १९४२ मध्ये, आणखी एक मराठा पलटण शत्रूच्या हाती लागली; पण या खेपेला रेडक्रॉसमार्फत कैद्यांची पत्रे येऊ लागली, एवढी सुधारणा खरी. स्वातंत्र्यानंतर १९६६ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या आणि जवानांच्या पत्नींची कल्याण संघटना नोंदली गेली. १९७१ च्या युद्धानंतर, १९७२ साली, मोहिनी गिरी यांनी दिल्लीत युद्धविधवांची संघटना काढली. जे काम ओट्यावर आणि जात्यावर चालत होते त्याला कचेरी मिळाली, शिवणयंत्रे आणि शिष्यवृत्त्या मिळाल्या, आणि हे चांगलेच झाले. ओट्याची सोबत कितीही गोड वाटली तरी तिने पोरांची फी भरली जात नाही.

पण त्याच १९७१ च्या युद्धाने पार्वतीबाईंचा प्रश्न पुन्हा दाराशी आणून ठेवला. चौपन्न माणसे परत आली नाहीत आणि मेलीही नाहीत; सरकारी यादीत ती ‘बेपत्ता’ राहिली. त्यांत हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे होते. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांचे विमान शत्रूच्या मुलुखात पडले. पूर्व पाकिस्तानातल्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या वैमानिकांची नावे आली, त्यांत ‘टोंबे’ असे एक नाव होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. कायद्याने सात वर्षांची मुदत सांगितली आहे; सात वर्षे माणसाची खबर नसली तर तो गेला असे धरता येते. दमयंतीबाईंनी ती मुदत मानली नाही. त्या दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नोकरी करीत राहिल्या आणि कागद जमवत राहिल्या.

त्या एकट्या राहिल्या नाहीत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या चौपन्न घरांतले लोक एकमेकांना शोधून काढून एकत्र आले. कोणी पत्नी, कोणी बाप, कोणी बहीण, कोणी मुलगा. मराठी, पंजाबी, हिंदी अशा वेगवेगळ्या भाषांची ही माणसे. १९७४ च्या डिसेंबरात मेजर अशोक सुरी यांच्या अक्षरातले पत्र त्यांच्या वडिलांच्या हाती पडले, आणि ज्यांचा सुरींशी काही संबंध नव्हता अशा घरांतही ते पत्र वाचले गेले. एक जिवंत आहे, तर तिथे आणखीही असतील! साताऱ्याच्या आळीत एका घरच्या पत्राभोवती बायका बसत, तेच हे. फक्त आळी आता देशभर पसरली होती.

१९८३ साली काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊ दिले. पुन्हा जाऊ दिले ते २००७ मध्ये. तोवर सुरींचे पत्र येऊनही तेहतीस वर्षे होत आली होती, आणि जे बाप मुलांना शोधायला निघाले होते त्यांतले कित्येक उरले नव्हते. त्या उन्हाळ्यात दमयंतीबाई आणि त्यांच्याबरोबरचे इतर जण पाकिस्तानातले एकेक तुरुंग पाहत गेले. जो तो स्वतःच्या माणसाबरोबर दुसऱ्यांच्या माणसांचाही शोध घेत होता. कोणाचाच माणूस सापडला नाही. ते सर्व जण बरोबरच परत आले.